घसरगाडी दाबाने घसरत नाही!

बर्फावरून घसरगाडी इतक्या सहजतेने का घसरते, हा प्रश्न विज्ञानाच्या तासाला केव्हा ना केव्हा निघतोच. त्याचे उत्तरही ठरलेले आहे. गाडीच्या वजनाचा दाब खालच्या बर्फावर पडतो. दाब वाढला की बर्फाचा द्रवणांक खाली येतो. त्यामुळे गाडीच्या पट्ट्यांखालचा बर्फ वितळतो व पाण्याचा पातळ थर तयार होतो. हा थर वंगणाचे काम करतो आणि गाडी घसरते. घसरगाडी असो, स्केटिंग करणारा खेळाडू असो की स्की असो, उत्तर तेच. ते कित्येक पुस्तकांत छापलेले आहे, प्रश्नोत्तरांच्या वह्यांत उतरवलेले आहे आणि परीक्षेत त्याला पूर्ण गुणही मिळतात.

माझे म्हणणे असे की, या उत्तराला आता वर्गातून निरोप द्यावा. ते अपुरे आहे म्हणून नव्हे, तर चुकीचे आहे म्हणून. आणखी एक गोष्ट आहे, व ती मला अधिक महत्त्वाची वाटते. हे उत्तर चुकीचे आहे हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. आठवी-नववीच्या विद्यार्थ्याला येणारा गुणाकार-भागाकार पुरतो. तरीही आपण वर्षानुवर्षे तो हिशेब न करता उत्तर पाठ करतो आणि पाठ करवून घेतो. विज्ञान शिकण्याच्या नावाखाली आपण नेमके काय शिकतो, असा प्रश्न मग पडल्याशिवाय राहत नाही.

आधी हिशेब करू

दाबाने बर्फाचा द्रवणांक खाली येतो, हे विधान मात्र खरे आहे, हे प्रथमच सांगितले पाहिजे. जेम्स टॉमसन या शास्त्रज्ञाने १८४९ साली ते गणिताने दाखवून दिले. पुढच्याच वर्षी त्याचा भाऊ विल्यम टॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्व्हिन या नावाने प्रसिद्ध झालेला शास्त्रज्ञ, याने प्रयोग करून त्याची खातरजमा केली. वितळल्यावर बर्फाचे आकारमान कमी होते; म्हणून दाबाखाली तो वितळण्याकडे झुकतो. तत्त्वात काही खोट नाही. प्रश्न आहे तो ‘किती?’ हा.

वातावरणाच्या दाबाएवढा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलोग्रॅम, दाब वाढवला तर बर्फाचा द्रवणांक सुमारे ०·००७४ अंश सेल्सिअसने खाली येतो. एक पूर्ण अंश खाली आणायचा तर सुमारे १३५ वातावरणांचा दाब हवा.

आता एक घसरगाडी घेऊ. सामानासह तिचे वजन ३०० किलोग्रॅम धरा. खाली दोन पट्ट्या, प्रत्येक ३ मीटर लांब व ५ सेंटिमीटर रुंद. दोन्हींचे क्षेत्रफळ मिळून ३,००० चौरस सेंटिमीटर झाले. ३०० ला ३,००० ने भागा. दाब आला दर चौरस सेंटिमीटरला ०·१ किलोग्रॅम. एवढ्या दाबाने द्रवणांक खाली येणार तो एका अंशाच्या एक हजारांशाहूनही कमी! आणि अशी गाडी ज्या बर्फावरून जाते, त्याचे तापमान असते उणे १० किंवा उणे २० अंश.

आणखी एक हिशेब करून पाहा. ४५ किलोग्रॅम वजनाचा विद्यार्थी दोन पायांवर उभा आहे. दोन्ही तळव्यांचे क्षेत्रफळ मिळून ३०० चौरस सेंटिमीटर धरले, तर जमिनीवर पडणारा दाब होतो ०·१५ किलोग्रॅम. म्हणजे भरलेल्या घसरगाडीपेक्षा उभ्या विद्यार्थ्याचाच दाब जास्त! यात नवल वाटण्यासारखे काही नाही. घसरगाडीला रुंद व लांब पट्ट्या लावतात त्याच मुळी वजन पसरून जावे, गाडी भुसभुशीत बर्फात रुतू नये, यासाठी. जे वाहन दाब कमी करण्यासाठी बनवलेले आहे, ते दाबामुळे घसरते असे आपण सांगतो. हा विरोध इतकी वर्षे वर्गात कोणाच्या लक्षात येऊ नये, याचे आश्चर्य वाटते.

यावर कोणी म्हणेल, ‘पट्टी सगळ्या बाजूंनी बर्फाला टेकलेली नसते. ती थोड्या उंचवट्यांवरच टेकते, म्हणून तिथला दाब पुष्कळ जास्त असतो.’ शंका रास्त आहे. समजा, पट्टीचा हजारावा भागच बर्फाला टेकला आहे. मग दाब होईल १०० किलोग्रॅम. द्रवणांक खाली येईल पाऊण अंशाहूनही कमी. उणे १० अंशांचा बर्फ दाबाने वितळवायचा तर हजाराहून अधिक वातावरणांचा दाब हवा. तेवढा दाब पडण्याआधीच ते उंचवटे चिरडून पसरतात, टेकणारे क्षेत्रफळ वाढते आणि दाब पुन्हा उतरतो.

स्केटचे पाते अरुंद असते, म्हणून तिथे दाब अधिक, हेही खरे. ६० किलोग्रॅमचा खेळाडू ३० सेंटिमीटर लांब व ३ मिलिमीटर रुंद पात्यावर उभा राहिला, तर दाब होतो सुमारे ७ किलोग्रॅम आणि द्रवणांकातील फरक अंशाच्या विसाव्या भागाएवढा. डब्लिनच्या जॉन जोली याने १८८६ साली स्केटसाठी दाबाचे स्पष्टीकरण मांडले, ते तीक्ष्ण पाते व फार लहान स्पर्शक्षेत्र धरून. त्याचे उत्तर पुढे पुस्तकांतून पसरले. त्याचा हिशेब मात्र मागेच राहिला.

जिथे दाब निरुपयोगी ठरतो

हिशेबाने ज्यांचे समाधान होत नसेल, त्यांच्यासाठी आणखी सरळ पुरावा आहे. दाब वाढवत नेला की द्रवणांक खाली येत जातो, पण याला सीमा आहे. सुमारे २,१०० वातावरणांच्या दाबाला द्रवणांक उणे २२ अंशांपर्यंत उतरतो. त्यापुढे दाब वाढवला तर नेहमीच्या बर्फाचे पाणी होत नाही. त्याच्या स्फटिकांची रचना बदलून तो दुसऱ्याच प्रकारचा बर्फ बनतो. याचा अर्थ असा की, उणे २२ अंशांपेक्षा थंड बर्फ दाबाने वितळवणे शक्यच नाही, मग दाब कितीही द्या.

दाबाचे स्पष्टीकरण खरे असते, तर उणे २२ अंशांखाली जगातल्या सगळ्या घसरगाड्या जागच्या जागी थांबल्या असत्या. प्रत्यक्षात काय घडते?

१९२५ सालच्या जानेवारीत अलास्कातील नोम या गावात घटसर्पाची साथ आली. गावात एकच डॉक्टर आणि प्रतिविष जवळजवळ संपलेले. समुद्र गोठल्यामुळे जहाज येऊ शकत नव्हते. त्या काळच्या उघड्या विमानांचा त्या थंडीत भरवसा नव्हता. तेव्हा रेल्वेने नेनाना या ठिकाणापर्यंत आलेले औषध पुढे सुमारे १,०८५ किलोमीटर कुत्र्यांच्या घसरगाड्यांनी न्यायचे ठरले. वीस गाडीवानांनी टप्प्याटप्प्याने ते हातोहात पोचवले. वाटेत पारा काही ठिकाणी उणे ४० अंशांच्याही खाली उतरला होता. तरी औषध १२७·५ तासांत, २ फेब्रुवारीला नोमला पोचले. भागाकार केला तर सरासरी वेग ताशी साडेआठ किलोमीटर येतो. उणे ४० अंशांत गाड्या घसरल्या आणि एका गावातील मुलांचे प्राण वाचले. तिथे दाबाने वितळलेले पाणी असणे शक्यच नव्हते.

मात्र थंडी वाढत गेली की घसरण अवघड होत जाते, हेही तितकेच खरे आहे. १९११ सालच्या जून अखेरीस, दक्षिण ध्रुवाकडील काळोख्या हिवाळ्यात, कॅप्टन स्कॉटच्या मोहिमेतील विल्सन, बॉवर्स व चेरी-गॅरार्ड हे तिघे दोन घसरगाड्या स्वतः ओढत एम्परर पेंग्विनची अंडी आणायला निघाले. सामान होते सुमारे ३४० किलोग्रॅम. तापमान एकदा उणे ६० अंशांपर्यंत गेले. तेव्हा बर्फ वाळूसारखा लागू लागला. तिघांना मिळून दोन गाड्या एकदम ओढवेनात. एक गाडी पुढे न्यायची, परत यायचे, मग दुसरी न्यायची, असे करत एक किलोमीटर पुढे सरकायला त्यांना तीन किलोमीटर चालावे लागे. १९२२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात चेरी-गॅरार्डने याचे कारणही नोंदवले आहे. अशा थंडीत पट्टीखालचे बर्फाचे कण वितळत नाहीत, ते नुसते एकमेकांवर गडगडत राहतात. ज्याने दोर खांद्याला लावून गाडी ओढली होती, त्याचे हे निरीक्षण आहे.

पुढच्या वर्षी स्वतः स्कॉट व त्याचे साथीदार ध्रुवावरून परतत असताना हेच संकट जिवावर बेतले. १९१२ च्या मार्चमध्ये थंडी अपेक्षेपेक्षा फार वाढली. घसरगाडी ओढणे जड झाले, दररोजची वाटचाल घटत गेली. अन्नाच्या साठ्यापासून अवघ्या वीसेक किलोमीटरवर त्यांचा अंत झाला. त्यांच्या मृत्यूला कारणे अनेक होती. अन्न, इंधन, आजार, वादळ. पण पट्टी आणि बर्फ यांच्यातील घर्षण वाढणे हे त्यांतले एक होते. घर्षणगुणांक हा वहीतला आकडा नसतो, तो माणसाच्या चालण्या-थांबण्याचा, प्रसंगी जगण्या-मरण्याचा आकडा असतो, हे या कथेवरून कळावे.

दाबाच्या स्पष्टीकरणाला उणे ४० अंशांतली नोमची घसरण उलगडत नाही आणि उणे ६० अंशांतली ‘वाळू’ही उलगडत नाही. दोन्ही उलगडेल असे उत्तर हवे.

मग खरे उत्तर कोणते?

थंडीच्या दिवसांत आपण तळहात एकमेकांवर चोळतो. हात गरम होतात. घर्षणाने उष्णता निर्माण होते. घसरगाडीच्या पट्टीखाली हेच घडते.

आपल्या ३०० किलोग्रॅमच्या गाडीचा घर्षणगुणांक ०·०५ धरू. मग तिला ओढायला सुमारे १५ किलोग्रॅम वजनाएवढे बल लागेल. ती एक मीटर पुढे गेली की सुमारे ३५ कॅलरी उष्णता निर्माण होते. १ ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी लागतात. म्हणजे सगळी उष्णता वितळण्यात गेली, तर दर मीटरला सुमारे ०·४ ग्रॅम पाणी होईल. हे फारच थोडे वाटते. पण ते ३,००० चौरस सेंटिमीटरवर पसरले तर मिलिमीटरच्या एक हजारांशाहून थोडा जाड थर होतो. वंगण म्हणून तेवढे पुष्कळ झाले. अर्थात सगळी उष्णता तिथे राहत नाही. काही बर्फात शिरते, काही पट्टीत. बर्फ जितका थंड, तितकी ती लवकर निसटून जाते. म्हणून कडक थंडीत थर बनत नाही आणि बर्फ वाळूसारखा होतो. नोम आणि पेंग्विनची मोहीम, दोन्हींचा उलगडा एकाच विचाराने झाला.

हे केवळ अनुमान नाही. केंब्रिजचे बाउडन व ह्यूज यांनी १९३९ साली यावर प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांतले काही त्यांनी स्वित्झर्लंडमधील युंगफ्राउयोख या उंच ठिकाणी बर्फातील गुहेत केले होते. उष्णता चटकन वाहून नेणाऱ्या धातूच्या पट्टीखाली घर्षण अधिक, तर उष्णतेच्या मंदवाहकाखाली ते कमी, असे त्यांना आढळले. उष्णता जिथे टिकते तिथे पट्टी नीट घसरते.

उत्तर ध्रुवाकडील इन्युइट लोकांना हे अनुभवाने माहीत होते. ते गाडीच्या पट्ट्यांना ओल्या मातीचा लेप देत. तो गोठून घट्ट झाला की घासून गुळगुळीत करत आणि वर पाण्याचा हलका हात देऊन बर्फाचा पातळ थर चढवत. माती व बर्फ दोन्ही धातूच्या मानाने उष्णतेचे मंदवाहक. नेत्सिलिक जमातीत तर लाकूड मिळत नसे, तेव्हा मासे ओल्या कातड्यात गुंडाळून गोठवत व त्यांच्याच पट्ट्या बनवत! वसंत ऋतूत गाडीचे काम संपले की ते मासे उपयोगी पडत. ज्यांना आपण मागासलेले समजतो, त्यांनी पदार्थविज्ञानाचा हा धडा पुस्तक नसताना गिरवला होता.

खेळाच्या मैदानावरही हीच साक्ष मिळते. ल्यूज या खेळात खेळाडू छोट्या घसरगाडीवर उताणा झोपून बर्फाच्या वळणदार मार्गावरून ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने खाली येतो. आपल्या हिमाचल प्रदेशातील शिव केशवन १९९८ पासून २०१८ पर्यंत सहा हिवाळी ऑलिंपिकमध्ये या खेळात उतरला. आपल्याकडे तसा मार्ग नसल्यामुळे तो गाडीला चाके लावून हिमालयातील रस्त्यांवर सराव करी. १९६८ साली ग्रेनोबल येथील ऑलिंपिकमध्ये पूर्व जर्मनीच्या महिला खेळाडूंना या खेळातून बाद करण्यात आले. आरोप कोणता? गाडीच्या पोलादी पट्ट्या आधी तापवून आणल्याचा! आजही शर्यतीपूर्वी पट्ट्यांचे तापमान मोजतात व ते ठरावीक मर्यादेपलीकडे असू देत नाहीत. पट्टी गरम असली की घसरण सोपी होते, हे नियम करणाऱ्यांना पक्के ठाऊक आहे.

तरी कथा इथे संपत नाही. स्थिर उभ्या माणसाचाही पाय बर्फावरून सटकतो. तिथे घासणे नाही आणि उष्णताही नाही. याचा धागा मायकेल फॅरडेच्या १८५० सालच्या व्याख्यानात सापडतो. बर्फाचे दोन तुकडे एकमेकांना टेकवले तर ते चिकटतात. बर्फाच्या पृष्ठभागावर मुळातच द्रवासारखा पातळ थर असावा, असे त्याने सुचवले. त्याचे म्हणणे मान्य व्हायला शंभरावर वर्षे लागली. बर्फाच्या आतील रेणूला सगळीकडून शेजाऱ्यांनी धरून ठेवलेले असते. पृष्ठभागावरच्या रेणूला वरून कोणी धरत नाही, म्हणून तो सैल असतो. ॲमस्टरडॅमच्या शास्त्रज्ञांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत बर्फ सर्वांत निसरडा आढळला तो उणे ७ अंशांच्या आसपास, आणि उणे १०० अंशांना तर त्याचा निसरडेपणा नाहीसाच झाला. पृष्ठभागावरील सैल रेणू थंडीने जखडले जातात, असा त्यांचा निष्कर्ष आहे. घर्षणाची उष्णता किती महत्त्वाची आणि सैल रेणू किती महत्त्वाचे, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद चालू आहे. दाबाला मात्र या वादात घसरगाडीपुरते तरी मुख्य स्थान उरलेले नाही.

शिक्षकांच्या दोन शंका

हे सारे ऐकून काही शिक्षकबंधू व भगिनी म्हणतील, ‘शालेय वयात सोपे उत्तरच द्यावे. सैल रेणू वगैरे पुढे महाविद्यालयात पाहू.’ सोपे उत्तर द्यावे, हे मलाही मान्य आहे. पण सोपे करणे वेगळे आणि चुकीचे सांगणे वेगळे. पृथ्वी गोल आहे असे सांगणे म्हणजे सोपे करणे. ती ध्रुवांशी किंचित चपटी आहे हे पुढे सांगता येते, आधीचे पुसावे लागत नाही. दाबाचे उत्तर असे नाही. ते पुढे पुसावेच लागते. शिवाय ‘तळहात चोळले की गरम होतात’ हे ‘दाब वाढला की द्रवणांक उतरतो’ यापेक्षा अवघड कसे? खरे उत्तर इथे खोट्यापेक्षा सोपे आहे.

मग खोटे उत्तर टिकले कसे? मला वाटते, ते विद्वत्तापूर्ण दिसते म्हणून. त्यात ‘दाब’, ‘द्रवणांक’, ‘वंगण’ असे भारदस्त शब्द साखळीने येतात. साखळीची प्रत्येक कडी खरी आहे. म्हणून साखळी वजन पेलते की नाही, हे कोणी तपासत नाही. विज्ञानात कारण नुसते बरोबर दिशेचे असून भागत नाही. ते पुरेसे मोठेही असावे लागते. ‘होते का?’ याइतकाच ‘किती होते?’ हा प्रश्न महत्त्वाचा आहे, आणि तोच आपल्या वर्गात विचारला जात नाही.

दुसरी शंका अशी की, ‘आमच्या मुलांनी बर्फ पाहिलेला नाही. सोलापूरच्या किंवा परभणीच्या मुलाला घसरगाडीचे काय?’ याला माझे उत्तर असे की, घसरगाडी बर्फाचीच असते असे नाही. चिखलणी झालेले भातखाचर सपाट करताना बैलांमागे लाकडाची फळी ओढतात व शेतकरी तिच्यावर उभा राहतो. ती चिखलावरची घसरगाडीच आहे. तिथे चाक लावून पाहा, ते रुतून बसेल. पोफळीची गळलेली झावळी, तिच्या रुंद बुंध्यावर एक भावंड बसलेले आणि दुसरे शेंडा धरून ओढते आहे, हा खेळ कोकणात व गोव्यात कोणाला नवा आहे? ती अंगणातली घसरगाडी. चाक हा मानवाचा मोठा शोध खरा, पण भुसभुशीत वाळूत, दलदलीत व बर्फात चाक हरते आणि साधी फळी जिंकते. कोणते साधन पुढारलेले, हे साधन ठरवत नाही. खालची जमीन ठरवते.

प्राचीन इजिप्तमध्ये चाक माहीत झाल्यानंतरही प्रचंड दगड व पुतळे लाकडी घसरगाड्यांवरूनच ओढत. जेहुतिहोतेप या अधिकाऱ्याच्या थडग्यात सुमारे ३,९०० वर्षांपूर्वीचे एक चित्र होते. घसरगाडीवर भला मोठा पुतळा, त्याला ओढणारी माणसांची रांग, आणि गाडीच्या पुढच्या भागावर उभा राहून वाळूवर पाणी ओतणारा एक माणूस. हा धार्मिक विधी असावा, असे कित्येकांना वाटे. ॲमस्टरडॅमच्या शास्त्रज्ञांनी २०१४ साली वाळूवर लहान घसरगाडी ओढून पाहिली. कोरड्या वाळूचा गाडीपुढे ढीग साचतो. योग्य प्रमाणात ओल दिली की ढीग साचत नाही व ओढण्याचे बल सुमारे निम्म्यावर येते. पाणी ओतणाऱ्या त्या माणसाला आपण काय करतो आहोत, हे बहुधा चांगले ठाऊक होते.

आणि बर्फाशी आपला काही संबंध नाही, हेही आता म्हणता येत नाही. अंटार्क्टिकाकडे पहिली भारतीय मोहीम १९८१ साली निघाली ती गोव्याहूनच. ध्रुवीय संशोधनाची राष्ट्रीय संस्थाही गोव्यातच आहे. अंटार्क्टिकातील ‘मैत्री’ या आपल्या केंद्राकडे इंधन व सामान नेताना पट्ट्यांवर चालणारी अवजड वाहने घसरगाड्यांचीच रांग ओढत नेतात. हे काम करणाऱ्यांत उद्या आपल्यापैकी कोणी असेल.

वर्गात काय करता येईल?

नुसती टीका करून थांबणे बरे नव्हे. म्हणून चार गोष्टी सुचवतो. त्यांना खर्च जवळजवळ नाही.

पहिली : दाबाचा हिशेब मुलांकडूनच करून घ्यावा. दर वातावरणाला ०·००७४ अंश हा एक आकडा फळ्यावर लिहावा आणि गाडीचे वजन, पट्ट्यांची लांबी-रुंदी मुलांना ठरवू द्यावी. निष्कर्ष त्यांनीच काढावा.

दुसरी : एक वीट दोरीने तणावकाट्याला बांधून आधी कोरड्या वाळूवरून, मग पाणी थोडे थोडे वाढवत ओल्या वाळूवरून ओढावी. दर वेळी काट्यावरचा आकडा लिहून आलेख काढावा. पाणी फार झाले की काय होते, तेही पाहावे.

तिसरी : बर्फाची लादी दोन बाकांवर ठेवून तिच्यावरून वजने लटकवलेली तार घालण्याचा प्रयोग पुष्कळ शाळांत होतो. तार बर्फ कापत जाते व मागे तो पुन्हा जुळतो. हा प्रयोग जरूर करावा. पण तांब्याच्या तारेबरोबर तेवढ्याच जाडीचा नायलॉनचा दोराही तेवढ्याच वजनाने लावावा. दाब दोन्हींचा सारखाच. तरी तांब्याची तार भराभर आत जाते व नायलॉन फार मागे पडतो. का बरे? वितळायला उष्णता लागते आणि तांबे ती आत पोचवते. ज्या प्रयोगाला दाबाचा पुरावा म्हणून दाखवतात, तोही उष्णतेशिवाय पुरा होत नाही.

चौथी : बर्फाचे दोन खडे पाण्यात एकमेकांना टेकवून धरावेत आणि फॅरडेला काय दिसले ते पाहावे.

एक सावधगिरीही सांगतो. घरातील किंवा वर्गातील बर्फ शून्य अंशाला आलेला व मुळातच ओला असतो. त्याच्यावरून वस्तू घसरली म्हणून कोणतेच स्पष्टीकरण सिद्ध होत नाही. कोणता प्रयोग कोणत्या प्रश्नाचा निकाल देऊ शकतो आणि कोणता देऊ शकत नाही, हे कळणे म्हणजेच अर्धे विज्ञान कळणे होय.

परीक्षेचे काय, असे विद्यार्थी मित्र विचारतील. त्यांची अडचण खरी आहे. पुस्तकात एक आणि वहीत दुसरे लिहिले तर गुण जातील, ही भीती त्यांना असते. म्हणून ही जबाबदारी विद्यार्थ्यांवर टाकून चालणार नाही. उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांनी व पुस्तके लिहिणाऱ्यांनी ती घ्यावी. जो विद्यार्थी आकडे मांडून ‘दाबाचे कारण पुरे पडत नाही’ असे लिहील, त्याला गुण कमी नव्हे, अधिक मिळाले पाहिजेत. तसे झाले तर एका चुकीच्या उत्तराची जागा दुसरे पाठ केलेले उत्तर घेणार नाही. तिथे विचार करायची सवय येईल.

पुढच्या वेळी एखादे कारण तुम्हाला कोणी सांगितले, ते पुस्तकाने असो, शिक्षकांनी असो वा या लेखाने, तर मान डोलावण्यापूर्वी एक प्रश्न अवश्य विचारा : ‘हे खरे असेल, पण किती?’ मग कागद-पेन्सिल घ्या. या लेखातले आकडेही सोडू नका.